रिकाम्या पाकिटाला भाव द्या

दुधाची पिशवी फोडताना आपण तिचा कोपरा कापतो. कात्रीचा एक झटका, की नखाएवढा त्रिकोणी तुकडा ओट्यावर पडतो आणि तिथून सिंकच्या जाळीत नाहीतर केरात जातो. आमच्या इमारतीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी मला एकदा थांबवून सांगितलं, "ताई, कोपरा पुरता तोडत जाऊ नका. नुसती चीर मारा आणि तुकडा पिशवीलाच लोंबू द्या. पिशवी मी उचलीन, पण तो तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही." आमच्याकडे रोज दोन पिशव्या दूध येतं. म्हणजे एका घरातून वर्षाला सातशेच्या वर तुकडे. इतकी वर्षं मी ओला-सुका कचरा वेगळा करत आले, आणि माझ्याच हातून रोज दोन तुकडे गटारात नाहीतर मातीत जात होते. हे तोवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

माझी आई दुधाच्या पिशव्या धुऊन मोरीतल्या फरशांवर चिकटवायची. वाळल्या की त्या आपसूक गळून पडायच्या. महिनाअखेरीला रद्दीवाला आला की वर्तमानपत्रांचं वजन वेगळं आणि पिशव्यांचं वेगळं. तिच्या आधीच्या पिढीने मुंबईत आरेच्या केंद्रावर काचेची रिकामी बाटली देऊन भरलेली घेतली. थंड पेयाची बाटली घरी न्यायची असेल तर दुकानदार बाटलीचे पैसे ठेवून घ्यायचा आणि बाटली परत केली की ते हातावर ठेवायचा. रिकामं परत करायचं असतं, आणि परत केलं की पैसे मिळतात, हा व्यवहार आपल्या घराघरांत मुरलेला होता. तो मोडून फार वर्षं झालेली नाहीत.

हे आठवायचं कारण असं की प्लास्टिकच्या कचऱ्यावर बोलायची वेळ आली की सगळा उपदेश घरच्या माणसाला केला जातो. नागरिकांनी जागरूक व्हावं, वर्गीकरण करावं, पाकिटावरची खूण वाचावी. करावंच, त्यात वाद नाही. पण पाकीट कशाचं करायचं हे ठरवणारा माणूस कुठेतरी वातानुकूलित खोलीत बसलेला असतो. ते कशाचं आहे हे ओळखण्याची जबाबदारी मात्र ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईवर आणि कचऱ्यात हात घालणाऱ्या दुसऱ्या बाईवर पडते. मला हे अन्यायाचं वाटतं. शिवाय ते चालणारही नाही. पाकीट बाजारात येण्याआधीच ठरलेलं असलं पाहिजे की रिकामं झाल्यावर ते कोण घेणार, किती पैशांना घेणार आणि त्यातले किती वेचणाऱ्या बाईच्या हातात पडणार. हे ज्याला सांगता येत नाही त्याला ते पाकीट विकायची परवानगी नसावी.

आधी त्या खुणेविषयी. कुठलीही बाटली उलटी करून बुडाशी पाहा. तीन बाणांचा त्रिकोण आणि त्यात १ ते ७ पैकी एक आकडा. पाण्याच्या, सरबताच्या, तेलाच्या पारदर्शक बाटलीवर १ असतो, तिला पेट म्हणतात. तेलाच्या दुधी रंगाच्या मोठ्या कॅनवर २, म्हणजे एचडीपीई. ३ म्हणजे पीव्हीसी. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक ४ मध्ये येतं, एलडीपीई आणि त्याची भावंडं. श्रीखंडाचा डबा, हॉटेलातून घरी येणारा भाजीचा डबा ५, पॉलिप्रॉपिलीन. थर्मोकोलची ताटली ६, पॉलिस्टायरिन. आणि ७ म्हणजे बाकीचं सगळं. जे कशातच बसत नाही, ज्यात दोन-तीन जाती एकमेकींना चिकटवल्यात, ते सातमध्ये.

हे आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने काढले. बाणांचं चिन्ह त्याहून जुनं. १९७० साली गॅरी अँडरसन नावाच्या विद्यार्थ्याने ते एका स्पर्धेसाठी काढलं होतं, आणि तेव्हा ते कागद-पुठ्ठ्याच्या पुनर्वापरासाठी होतं. उद्योगाने त्या लोकप्रिय बाणांत आपले आकडे बसवले. आकडा फक्त एवढंच सांगतो की हे कुठल्या जातीचं प्लास्टिक आहे. बघणारा मात्र बाण बघतो आणि समजतो की हे पुन्हा वापरात येणार आहे. पंचवीस वर्षं लोकांचा असा समज होऊ दिल्यावर, २०१३ साली तिथल्या मानकातून बाण काढले गेले आणि साधा भरीव त्रिकोण आला. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला की जे खरोखर गोळा होऊन पुनर्वापरात जातं त्यावरच बाण छापता येतील. आपल्याकडे बाण अजून तसेच आहेत, आणि शाळेच्या प्रकल्पात मुलं ते सात आकडे पाठ करतात. माझ्या भाचीने असाच तक्ता केला होता, छान रंगवलेला. सातव्या रकान्यापुढे तिने विश्वासाने लिहिलं होतं, 'पुनर्वापर होतो'. तिला कुणी तसं शिकवलं नव्हतं. बाण बघून तिने तो अर्थ लावला होता.

त्या तक्त्यावरूनच एका रविवारी आम्ही दोघींनी बादली भरून घेतली आणि घरातल्या रिकाम्या वस्तूंचे कात्रीने बोटभर तुकडे केले. पाण्यात थेंबभर साबण घालायचा आणि तुकडा बोटाने एकदा खाली दाबायचा, नाहीतर बुडबुडे चिकटून बुडणारा तुकडाही वर राहतो. पाण्याच्या बाटलीचा तुकडा सरळ तळाला गेला. त्याच बाटलीचं झाकण वर तरंगत राहिलं, आणि झाकणाखाली गळ्यात राहते ती कडीही. दुधाची पिशवी वर. श्रीखंडाचा डबा वर. दह्याचा जो कप दाबला की काचेसारखा तडकतो, त्याचा तुकडा खाली. पेट पाण्याच्या जवळपास १.३८ पट जड असतं, एलडीपीई, एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून जराशी हलकी, आणि पॉलिस्टायरिन जेमतेम जड. कारखान्यातही हेच होतं, फक्त बादलीच्या जागी लांबलचक टाकी असते. बाटल्या झाकणांसकट चुरतात, धुतात, टाकीत सोडतात. झाकणांचा चुरा वरून निघतो आणि बाटलीचा खालून.

मग मी एका रंगीत पेयाच्या बाटलीवरचं गळ्यापासून बुडापर्यंत ताणून बसवलेलं आवरण कापून टाकलं. तेही बुडालं. अशी आवरणं बऱ्याचदा पीव्हीसीची असतात, आणि खरी अडचण इथे सुरू होते. पेट वितळवायला साधारण अडीचशे-दोनशे साठ अंश लागतात. पीव्हीसी त्याच्या आधीच फुटू लागतं आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. थोडंसं पीव्हीसी मिसळलं तरी पेटचा अख्खा घाणा पिवळा पडतो, ठिसूळ होतो. दोन्ही तळाला जातात म्हणून टाकीत ती वेगळी होत नाहीत. कुणाला तरी बसून हाताने आवरणं सोलावी लागतात. पारदर्शक बाटलीवर छोटं, पाण्यात सुटणारं लेबल लावलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. पण दुकानाच्या फ्रीजमध्ये बाटली उठून दिसावी म्हणून ते आवरण निवडलं गेलं, आणि निवडणाऱ्याला त्याचा एक पैसाही भुर्दंड पडला नाही.

काळ्या डब्याचंही असंच. ऑनलाइन मागवलेली भाजी-आमटी ज्या काळ्या डब्यांतून येते ते बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे चांगल्या जातीचे. पण काळं प्लास्टिक पुन्हा काळ्या किंवा गडद वस्तूंखेरीज कशात घालता येत नाही, आणि मोठ्या केंद्रांतली प्रकाशाने प्लास्टिक ओळखणारी यंत्रं काजळीच्या काळ्या रंगापुढे आंधळी होतात. पांढरा किंवा पारदर्शक डबा वापरला असता तर भाजीच्या चवीत काय फरक पडला असता?

यंत्रांपेक्षा माणसांची ओळख किती पक्की असते, हे मी मावशींच्या शेडमध्ये पाहिलं. वस्तीच्या कडेला पत्र्याची शेड, जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर ओतलेला सुका कचरा आणि भोवती बसलेल्या पाच-सहा बायका. कुणी आकडा वाचत नव्हतं. आकडा वाचायला वस्तू उलटी करावी लागते, पुसावी लागते, प्रकाशात धरावी लागते, आणि एवढा वेळ कुणाकडेच नव्हता. मावशी पिशवी मुठीत चुरगाळून कानाशी नेत आणि मग टाकत. "वाजली की निराळी, न वाजता दबली की निराळी," त्यांनी मला सांगितलं. डब्यावर नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. काठ वाकवायचा, पांढरी रेघ उमटते का तडा जातो ते बघायचं. मी माझ्या बादलीत एक तासभर घालवून जे शिकले, ते त्यांची बोटं दोन सेकंदांत करत होती. एका डब्यापाशी मी विचारलं, हा कशाचा? "कडक," त्या म्हणाल्या. त्यांच्या भाषेत ती जातही आहे आणि भावही आहे. कडकचा दर वेगळा, पाण्याच्या बाटलीचा वेगळा, दुधाच्या पिशवीचा वेगळा. रसायनशास्त्राची सगळी वर्गवारी तिथे भंगारवाल्याच्या दरात उतरलेली असते.

आणि ताडपत्रीच्या एका टोकाला एक ढीग होता ज्याला दरच नव्हता. वेफर्स, फरसाण, बिस्किटं, चॉकलेटं, शांपू, केचप. आतून चंदेरी, बाहेरून झगमगीत.

या पाकिटाविषयी नीट बोलायला हवं, कारण आपल्या गावांतल्या ओढ्यांत, एसटी स्टँडच्या मागे, गडांच्या पायवाटांवर आता सर्वांत जास्त तेच दिसतं. ते एका पातळ थराचं नसतं. बाहेर छपाईचा थर, आत धातूची वाफ बसवलेला थर, त्याच्या आत उष्णतेने चिकटणारा थर. तो धातूचा लेप एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, काही शतांश भागाएवढा असतो, पण त्यानेच हवा आणि ओल अडते आणि वेफर्स कुरकुरीत राहतात. बाहेरचा थर पॉलिस्टरचा, म्हणजे बाटलीच्या पेटचाच, आणि आतला पॉलिथिनचा, म्हणजे दुधाच्या पिशवीच्या जातीचा असेल, तर एक अडीचशे अंशांना वितळतो आणि दुसरा त्याच्या निम्म्याला. दोन्ही एकत्र वितळवून धड दाणा होत नाही. दाणा म्हणजे ज्यापासून पुढे पाइप, बादल्या, पिशव्या बनतात तो कच्चा माल. ज्याचा दाणा होत नाही त्याला भंगारवाला हात लावत नाही.

आता यातली खरी मेख. काही पाकिटांचे सगळे थर पॉलिप्रॉपिलीनचेच असतात. त्यांचा दाणा होऊ शकतो. पण दिसायला ती अगदी त्या दुसऱ्या पाकिटासारखीच असतात. तीच चकाकी, तोच आवाज. कानाने, नखाने, बादलीने, कशानेच घरी किंवा शेडमध्ये फरक कळत नाही. फरक कुणाला माहीत असतो? ज्याने पाकिटाच्या पातळ प्लास्टिकची ऑर्डर दिली त्याला. ती माहिती त्याच्या खरेदीच्या कागदावर लिहिलेली असते आणि तिथेच राहते. म्हणून दोन्ही एका गोणीत जातात, आणि जे वाचू शकलं असतं तेही वाया जातं. ओळखण्याची जबाबदारी नागरिकावर टाकणाऱ्यांनी या एका पाकिटाचं उत्तर द्यावं. मी कितीही जागरूक झाले तरी मला हे ओळखता येणार नाही.

नियमांनी काय केलं ते पाहू. २०१६ च्या केंद्रीय प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत पुनर्वापर न होणारी बहुस्तरीय वेष्टनं दोन वर्षांत बंद करावीत असं म्हटलं होतं. नियम वाचून मला त्या वेळी बरं वाटलं होतं. मार्च २०१८ मध्ये, मुदत संपायच्या तोंडावर, दुरुस्ती आली. ज्याचा पुनर्वापर होत नाही, ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही, असंच वेष्टन बंद करायचं. आता असं प्लास्टिक कुठून आणायचं जे जळत नाही? प्रत्येक पाकिटापासून ऊर्जा मिळते, भट्टीत टाकलं की झालं. त्या एका वाक्याने आख्खा नियम निकामी झाला आणि चंदेरी पाकीट निर्धास्त झालं. १ जुलै २०२२ ला देशभर एकदा वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली तेव्हा काड्या, चमचे, ताटल्या, थर्मोकोलची सजावट गेली. पाकीट त्या यादीत नव्हतं.

त्याच वर्षी उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे तपशीलवार नियम आले. आपण जेवढं वेष्टन बाजारात टाकतो तेवढ्याची विल्हेवाट लागल्याचा पुरावा कंपनीने प्रमाणपत्रं घेऊन द्यायचा. विचार चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण पहिल्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत काही पुनर्वापर करणाऱ्या कंपन्यांनी सुमारे ६ लाख बोगस प्रमाणपत्रं काढल्याचं उघड झालं. कागद फिरला, प्लास्टिक जागेवरच राहिलं. आणि खऱ्या प्रमाणपत्रांच्या व्यवहारातला पैसाही कंपनी आणि प्रक्रिया करणारा यांच्यात फिरतो. ताडपत्रीवर बसून पाकिटं निवडणाऱ्या बाईपर्यंत तो आपोआप झिरपत नाही.

महाराष्ट्राने मात्र एकदा अगदी योग्य जागी बोट ठेवलं होतं. २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला सूट देताना अट घातली होती की पिशवी ५० मायक्रॉनहून जाड असावी आणि रिकामी पिशवी परत घेण्याची किंमत, किमान ५० पैसे, तिच्यावर छापलेली असावी. पाण्याच्या बाटलीसाठीही एक-दोन रुपयांचा परतावा ठरला होता. बंदीची चर्चा झाली ती सगळी कॅरीबॅगची, दंडाची, दुकानदारांच्या हालाची. ही परताव्याची अट, जी त्या कागदातली सर्वांत शहाणी ओळ होती, तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. जून २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितलं की राज्यात रोज १ कोटी दुधाच्या पिशव्या कचऱ्यात जातात आणि त्यांचं वजन ३१ टन भरतं, आणि पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची योजना लवकरच सुरू होईल. त्यानंतर मला आजवर ५० पैसे परत करणारा दूधवाला भेटलेला नाही.

दुधाची पिशवी बंद करा असं मी म्हणणार नाही. प्लास्टिकविरोधी बोलणाऱ्या माझ्या काही मित्रांशी माझे इथे खटके उडतात. पिशवीमुळे दूध भेसळीपासून बऱ्यापैकी वाचलं, लांबच्या गावाहून शहरात न नासता पोचू लागलं, आणि वारणेच्या, गोकुळच्या, कात्रजच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला रोजचं गिऱ्हाईक मिळालं. काचेची बाटली जड, ती परत न्यायला डिझेल, धुवायला गरम पाणी. जवळच्या जवळ ती जरूर परत यावी, पण रोजच्या एक कोटी पिशव्यांच्या जागी ती पुरणार नाही. पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, तिचा चांगला दाणा होतो. अन्नाच्या वेष्टनांतली ती सर्वांत सरळ वस्तू आहे. तिला परत आणायचा रस्ता तेवढा बांधायचा आहे.

पाच रुपयांच्या पाकिटाच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो की ते गरिबाच्या आवाक्यातलं आहे, ते बंद केलं तर गरिबाच्या मुलाचा खाऊ जाईल. या मुद्द्याला मी हसण्यावारी नेत नाही. हातावर पोट असलेलं घर महिन्याचं सामान एकदम भरत नाही, शांपूची पुडी आणि चहाची पुडी त्याच्यासाठीच आहे. पण त्याच गरीब वस्तीत कचऱ्याची गाडी सर्वांत कमी वेळा येते. तिथलाच नाला पावसाळ्यात तुंबतो, आणि वस्तीत शिरणारं पाणी त्याच मुलाच्या अंथरुणाखाली येतं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हे पाहिलं, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी पातळ पिशव्यांवरचे राज्याचे निर्बंध कडक झाले. गरिबाला स्वस्त पाकीट हवं असेल तर ते एका जातीचं करून द्या. सगळे थर पॉलिप्रॉपिलीनचे असलेली पाकिटं आज बाजारात आहेत, म्हणजे तंत्र आहे. फरक पडेल तो थोड्या पैशांचा, आणि तो आज कंपनीऐवजी महापालिका आणि ओढा सोसतात.

सिमेंटच्या भट्टीत पाकिटं जाळणं हा तात्पुरता मार्ग म्हणून मला मान्य आहे. उघड्यावर जळण्यापेक्षा हजारो पटींनी बरं. फक्त त्याला पुनर्वापर म्हणू नये. जळालेलं पाकीट परत येत नाही, उद्या नवीन पाकिटासाठी नवीन तेलच लागतं.

आता एक अडचण, जिच्यावर मी बराच विचार केला. बाटलीला डिपॉझिट लावलं, मॉलमध्ये बाटली गिळून पैसे देणारी यंत्रं बसवली, जशी जर्मनीत २००३ पासून २५ सेंट परत देणारी आहेत, तर वेचणाऱ्या बायकांचं काय होईल? पाण्याची बाटली हा त्यांच्या कमाईचा मोठा भाग आहे. ती यंत्राच्या पोटात गेली तर त्यांच्या वाट्याला फक्त बेभाव पाकिटं उरतील. पुण्यात ही काळजी विशेष खरी आहे. इथे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, उकिरड्यावर कचरा वेचणाऱ्या बायकांना कामगार म्हणून ओळख मिळाली, आणि २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. घरटी मिळणारं शुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री, दोन्ही मिळून त्यांचं घर चालतं. म्हणजे एखाद्या कंपनीने बरणीऐवजी चंदेरी पाउच आणला की त्या दिवसापासून या बायकांच्या पगारात कपात होते. ओझं तेवढंच, दुर्गंधी तेवढीच, आणि गोणीला भाव नाही. ही कपात कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. उद्या डिपॉझिट आलं तर परतावा केंद्र म्हणून या शेडचीच नोंद झाली पाहिजे, यंत्रांच्या आधी. गोव्याने २०२४ मध्ये आपली डिपॉझिट परतावा योजना अधिसूचित केली आहे. तिथेही वेचणाऱ्यांना आत घेतलं की बाहेर ठेवलं, यावर मी लक्ष ठेवून आहे.

वेळही नेमकी आताची आहे. २०२२ च्या नियमांनी कडक वेष्टनांत पुनर्वापरित प्लास्टिकचा वाटा २०२५-२६ मध्ये ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के असावा असं ठरवलं आहे. अन्नाला लागणाऱ्या बाटलीत पुनर्वापरित पेट वापरायलाही २०२२ मध्ये वाट मोकळी झाली. आजवर आपल्या बहुतेक बाटल्यांचे धागे व्हायचे, उशीतला कापूस व्हायचा. आता कंपन्यांना बाटलीसाठीच स्वच्छ पेट लागणार. ज्या बाईने ती बाटली चिखलातून वेगळी ठेवली, सोलली, झाकण काढलं, तिच्या दरात ही वाढलेली मागणी दिसली पाहिजे. बहुस्तरीय पाकिटं निवडून गोणी भरण्याचे पैसेही किलोमागे तिच्या खात्यात थेट यावेत, कंपनीच्या जबाबदारीच्या रकमेतून. पाकिटावर थर कशाचे आहेत ते मराठीत, ठळक अक्षरांत छापावं. काळे डबे आणि बाटलीवरची पीव्हीसीची आवरणं अन्नाच्या वेष्टनांत बंद व्हावीत. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा शोध लावावा लागणार नाही.

आणि दुधाच्या पिशवीपासून सुरुवात करावी, कारण तिचा नियम आधीच लिहिलेला आहे. मी घरच्या काट्यावर धुऊन वाळवलेल्या दहा पिशव्या ठेवल्या, ३१ ग्रॅम भरल्या. विधानसभेत सांगितलेल्या आकड्यांशी हे जुळतं. म्हणजे किलोला सव्वातीनशेच्या आसपास पिशव्या. पिशवीला ५० पैसे म्हटले तर किलोला १६० रुपये. भंगारात तिला मिळतो त्याच्या कितीतरी पट. ५० पैशांचं नाणं कुणी वापरत नाही म्हणतात, तर दोन पिशव्यांना रुपया द्यावा.

हा हिशोब मी शेडमध्ये मावशींना सांगितला. त्या रोज दोनशेच्या वर घरं करतात, किलोभर पिशव्या त्यांच्याकडे सहज जमतात. त्यांनी दोन्ही हात पदराला पुसले आणि विचारलं, "पण ताई, पैसे देणार कोण? दूधवाला का डेअरी?"

डेअरी, मी म्हटलं. पिशवीवर नाव तिचं आहे.